चित्र दुरून, आवाज जवळून

गेल्या दीड दशकात महाराष्ट्राच्या सांस्कृतिक व्यवहाराचा मोठा भाग व्हिडिओच्या रूपाने साठवला जाऊ लागला आहे. गावोगावच्या सप्ताहांतील कीर्तने, कोकणातील दशावताराचे प्रयोग, शाहिरांचे पोवाडे, व्याख्यानमाला, शिक्षकांनी घेतलेले व्याकरणाचे तास, एका शेतकऱ्याने दुसऱ्यासाठी दाखवलेली द्राक्षांची छाटणी आणि नातवंडांनी घेतलेल्या आजी-आजोबांच्या मुलाखती असा हा साठा अफाट आहे, आणि त्यातील चित्र बहुधा समाधानकारक असते, कारण साधा मोबाईलही आता कमी उजेडात चेहऱ्यावरची सुरकुती टिपतो. मात्र तोच व्हिडिओ डोळे मिटून ऐकला, तर बोलणारी व्यक्ती रिकाम्या हौदात उभी राहून बोलत असावी असे वाटते. वाक्याचा शेवट पंख्याच्या घरघरीत बुडतो, आणि जे शब्द जपण्यासाठी हा सारा खटाटोप केला तेच नीट कळत नाहीत. ‘ध्वनी’ या यंदाच्या अंकविषयाच्या निमित्ताने कीर्तनाचे मंडप, लग्नाची कार्यालये, मुलाखतीच्या खोल्या आणि माईक विकणारी दुकाने येथे जे पाहावयास मिळते, त्याच्या आधारे या उणिवेची कारणे आणि तिच्यावरील उपाय यांचा विचार येथे केला आहे. उपाय ठाऊक आहे, तो फारसा महागही नाही. तरीही तो अंगवळणी पडलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

अंतर हाच मूळ दोष

कॅमेऱ्यातच बसवलेला माईक निकृष्ट असतो असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. अडचण माईकच्या दर्जापेक्षा त्याच्या जागेची अधिक आहे, कारण कॅमेरा जेथे चांगले चित्र मिळते तेथे उभा राहतो आणि चांगले चित्र मिळण्याची जागा ही चांगला आवाज मिळण्याची जागा क्वचितच असते. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले, की ध्वनिदाब निम्मा होतो; ध्वनीची पातळी मोजण्याच्या डेसिबल या मापात ही घट सुमारे ६ डेसिबल भरते. म्हणजे वक्त्यापासून अर्ध्या मीटरवरचा माईक जेवढा दाब अनुभवतो, त्याच्या एक अष्टमांश दाब चार मीटरवरच्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो.

बंद खोलीत याहून मोठी हानी होते. तोंडातून निघालेला आवाज माईकपर्यंत सरळ येतो, तसाच तो भिंतींवर, छतावर आणि फरशीवर आपटून क्षणभर उशिराने पुन्हापुन्हा येतो. सरळ येणारा आवाज अंतराबरोबर क्षीण होत जातो, परंतु परावर्तित आवाजांचा गजर खोलीभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे गेल्यावर माईकला माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. आवाज घुमतो असे ज्याला म्हणतात ते हेच. समोर बसलेल्या श्रोत्याला हे जाणवत नाही, कारण दोन कानांना मिळणाऱ्या किंचित भिन्न ध्वनींवरून मेंदू दिशा ओळखतो आणि नको ते मागे सारतो. कॅमेऱ्यापाशी ही निवड करणारे कोणीही नसते. त्यात भर म्हणून कॅमेऱ्याच्या अंगावरील माईक भिंगातील फोकसच्या मोटारीची किरकिर आणि बोटांची घासाघीसही टिपतो.

बाह्य माईकचे खरे महत्त्व यात आहे, की तो पाहण्याची जागा आणि ऐकण्याची जागा एकमेकांपासून सोडवतो. चित्र दुरून घेता येते, आवाज जवळूनच घ्यावा लागतो. जवळ ठेवलेला साधा माईक दूर ठेवलेल्या महागड्या माईकपेक्षा जवळपास नेहमीच सरस ठरतो, आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला उत्तम बाह्य माईकही वक्ता पाच मीटर दूर असेल तर फार मदत करू शकत नाही.

चित्रपटांनी आधीच दिलेला धडा

ही अडचण बोलपटाइतकीच जुनी आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’चे चित्रीकरण, स्टुडिओशेजारून जाणाऱ्या आगगाड्यांच्या आवाजामुळे, प्रामुख्याने रात्री करावे लागले आणि माईक नटांच्या आसपास दृश्यात लपवावे लागले. पुढे हलके पण गोंगाट करणारे कॅमेरे रूढ झाले, तेव्हा जागेवरचा आवाज टाकून देऊन तो नंतर स्टुडिओत नटांकडून पुन्हा म्हणवून घेण्याची, म्हणजे डबिंगची पद्धत हिंदी चित्रपटांत इतकी रुळली, की २००१ मध्ये ‘लगान’ने चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज वापरला ही बातमी ठरली. मोठ्या चित्रपटाला डबिंगचा आधार तरी असतो. सप्ताहातल्या कीर्तनाला किंवा नव्वदीतल्या आजीच्या आठवणींना तो नसतो. तेथे जे एकदा निसटले ते कायमचे निसटले.

छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांनी व्हिडिओत पाऊल टाकले तेव्हाही ध्वनी मागेच राहिला. २००८ साली आलेल्या कॅननच्या ५डी मार्क २ या कॅमेऱ्याने छोट्या निर्मात्यांना चित्रपटासारखे चित्र मिळवून दिले, त्याला बाह्य माईकसाठी खाचही होती. परंतु आवाजाची पातळी हाताने ठरवण्याची सोय त्यात २०१० साली आज्ञावली अद्ययावत झाल्यावरच आली. तोवर पातळी कॅमेरा स्वतःच ठरवत असे, आणि ही स्वयंचलित व्यवस्था आजही अनेक कॅमेऱ्यांत आणि बहुतेक मोबाईलमध्ये गुपचूप चालू असते.

कीर्तनाच्या मंडपात

या स्वयंचलित व्यवस्थेचा स्वभाव वारकरी कीर्तनात चांगला उघड होतो. ध्वनी मोठा झाला की कॅमेरा आपली ग्रहणशक्ती, म्हणजे गेन, कमी करतो आणि ध्वनी लहान झाला की वाढवतो. मृदंगावर थाप पडून टाळकऱ्यांचे टाळ एकदम वाजू लागले, की गेन खाली जातो आणि त्याच क्षणी चरण घेणारा कीर्तनकार दबून जातो. उलट निरूपणात तो प्रश्न टाकून क्षणभर थांबला, की त्या अर्थपूर्ण शांततेत कॅमेरा गेन वाढवत नेतो आणि पंखे, जनरेटर, मागच्या रांगेतील कुजबुज हे सारे वर येते. कीर्तनात थांबणे हीसुद्धा एक कला आहे आणि हे यंत्र नेमकी तीच पुसून टाकते. म्हणून पातळी हाताने ठरवावी हा ध्वनिमुद्रणाचा पहिला नियम होय. अंकीय मुद्रणात ० ही कमाल मर्यादा असते आणि तिच्यापलीकडे लहरींचे माथे छाटले जाऊन आवाज फुटतो. त्यामुळे सर्वांत मोठ्या आवाजाला पातळीचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढी जागा वर ठेवण्याची रीत आहे. फुटलेला आवाज नंतर खऱ्या अर्थाने दुरुस्त होत नाही, किंचित लहान आवाज मात्र वाढवता येतो.

मंडपात कॅमेरा बहुधा श्रोत्यांच्या मागे, तिवईवर असतो आणि त्याला कीर्तनकार ऐकू येत नाही, कर्णे आणि स्पीकर ऐकू येतात. अनुभवी शूटिंगवाले म्हणून आधी साउंडवाल्याला गाठतात आणि त्याच्या मिक्सरमधून थेट जोडणी मागतात. येथे एक तांत्रिक विसंगती आडवी येते. माईकमधून निघणारा विद्युत संकेत काही मिलिव्होल्ट इतका दुबळा असतो, तर मिक्सरमधून बाहेर पडणारा संकेत, ज्याला लाइन पातळी म्हणतात, त्याच्या कित्येक पट जोरदार असतो. कॅमेऱ्याची खाच पहिल्यासाठी बनवलेली असल्याने दुसरा तीत सरळ घातला तर आवाज फुटलेलाच मुद्रित होतो. संकेत क्षीण करणारी खास केबल मध्ये घालणे, किंवा कॅमेऱ्याला न जोडता मिक्सरपाशी वेगळा रेकॉर्डर ठेवणे, हे त्यावरचे दोन मार्ग होत.

तरीही मिक्सरचा आवाज अपुराच असतो. त्यात ज्यांच्यापुढे माईक आहे तेवढेच येतात. मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांचा सामूहिक स्वर आणि नामघोषाला श्रोत्यांनी दिलेला प्रतिसाद त्यात अगदी पुसट असतो. कीर्तन हा एका माणसाचा कार्यक्रम नाही, आणि मंडपाचा श्वास नसलेले कीर्तन ऐकताना ते बंद खोलीत पाठ म्हटल्यासारखे कोरडे लागते. यासाठी दुसरा माईक टाळकऱ्यांच्या आणि श्रोत्यांच्या मधल्या जागेत ठेवून दोन्ही आवाज नंतर मिसळावे लागतात. मिसळताना ध्वनीचा वेग विसरून चालत नाही. हवेत ध्वनी २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून ३४ मीटर मागे असलेल्या कॅमेऱ्यावरचा माईक तोच शब्द सेकंदाच्या एक दशांशाने उशिरा ऐकतो. सेकंदाला २५ चौकटींच्या व्हिडिओत हा फरक अडीच चौकटींचा होतो. तो न सुधारता दोन्ही आवाज एकत्र केले तर प्रत्येक शब्दाला पडछाया लागते.

रेकॉर्डर वेगळा ठेवला की चित्र आणि ध्वनी जुळवण्याचे काम उरते. चित्रपटात त्यासाठी क्लॅप वाजवतात, कारण दोन फळ्या आपटल्याचे दृश्य आणि त्या आपटण्याचा टोकदार ध्वनी दोन्हीकडे स्पष्ट सापडतो. कीर्तनात आरंभीची टाळाची ठणठणीत थाप हेच काम चोख करते. एवढेच, की दोन यंत्रांची घड्याळे अगदी समान गतीने चालत नाहीत आणि दोन तासांच्या मुद्रणात शेवटाकडे ओठ व शब्द यांत फारकत पडू शकते, म्हणून जुळणी मधल्या एखाद्या ठिकाणी आणि शेवटीही तपासावी लागते. कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक वाईट असला तरी तो बंद करू नये, याचे कारणही हेच आहे. त्याचा आवाज वापरायचा नसतो, जुळणीसाठी खूण म्हणून ठेवायचा असतो.

पिनेवरचे काळे पट्टे

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर माईक घ्यायला आलेला ग्राहक बहुधा किंमत आणि ब्रँड विचारतो, पिन विचारत नाही, आणि पुढच्या बऱ्याच तक्रारी तेथेच जन्म घेतात. ३.५ मिलिमीटरच्या पिना दिसायला सारख्या असल्या तरी कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन काळे पट्टे, म्हणजे तीन संपर्क असतात, तर मोबाईलच्या पिनेवर तीन पट्टे, म्हणजे चार संपर्क असतात, कारण मोबाईलची एकच खाच ऐकवण्याचे आणि ऐकण्याचे अशी दोन्ही कामे करते. मोबाईलचा माईक कॅमेऱ्यात घातला तर आवाज येतच नाही किंवा अगदी क्षीण येतो आणि ग्राहक माईक बिघडला असे समजतो. लहानसा जोड घेतला की काम भागते.

दुसरी बाब विजेची. आजचे बहुतेक छोटे माईक इलेक्ट्रेट जातीचे असतात. बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी १९६२ साली विकसित केलेल्या या रचनेत पातळ पडद्यावर विद्युतभार कायमचा साठवलेला असतो आणि पडदा कंप पावला की संकेत निर्माण होतो. आतील सूक्ष्म वर्धकाला मात्र थोडी वीज लागतेच. ती कॅमेऱ्याच्या खाचेतून येणाऱ्या काही व्होल्टवर भागते किंवा माईकमधल्या बटण-सेलवर. आपल्याकडे घरोघर पोहोचलेल्या बोया कंपनीच्या स्वस्त कॉलर माईकच्या केबलवर असणारी छोटी डबी ही त्या सेलसाठीच आहे, आणि कॅमेऱ्यासाठी तिचे बटण सरकवलेले नसल्यामुळे तासभराचे मुद्रण मुके निघण्याचे प्रकार सर्रास घडतात. मोठ्या, व्यावसायिक कंडेन्सर माईकना ४८ व्होल्टचा पुरवठा तीन काट्यांच्या एक्सएलआर केबलमधून करावा लागतो. या केबलमध्ये एकच संकेत दोन तारांतून एकमेकांच्या उलट ध्रुवतेने धाडला जातो, त्यामुळे वाटेत शिरलेली विजेची गुणगुण दोन्ही तारांत सारखी असते आणि शेवटी वजा होते. लांब केबल टाकण्याची सोय त्यातूनच मिळते.

कॉलर, बूम आणि बिनतारी

मुलाखतीसाठी कॉलर माईक हा सर्वांत सोयीचा. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावतात. बहुतेक कॉलर माईक चहूबाजूंनी सारखेच ऐकणारे असल्याने त्याचे तोंड किंचित वाकडे झाले तरी बिघडत नाही. खरी अडचण कपड्यांची आणि दागिन्यांची असते. मंगळसूत्राचे मणी माईकवर आपटतात, खळ घातलेल्या सुती साडीचा पदर खसखसतो, कीर्तनकाराचे उपरणे प्रत्येक हातवाऱ्याबरोबर माईकवरून फिरते. जाणकार मंडळी म्हणून मंगळसूत्र काढायला सांगण्याचा अवघडलेपणा टाळून माईक ब्लाउजच्या काठावर थोडा बाजूला लावतात, तारेचा एक लहान वळसा चिकटपट्टीने आत पक्का करतात आणि बोलणाऱ्याला एकदा मान इकडेतिकडे वळवायला सांगून ऐकून पाहतात.

लांबट, नळीसारखा शॉटगन माईक मात्र गैरसमजांनी वेढलेला आहे. दूरचा आवाज तो भिंगाप्रमाणे जवळ ओढतो अशी समजूत असते, आणि तसे काहीही घडत नाही. नळीच्या अंगावरील फटींतून आत शिरणारे बाजूचे ध्वनी एकमेकांना छेद देऊन क्षीण होतात, समोरचे होत नाहीत, एवढीच त्याची करामत आहे. उघड्यावर ती उत्तम चालते. घुमणाऱ्या छोट्या खोलीत परावर्तित ध्वनी समोरूनही येत असल्याने ती लंगडी पडते. त्यामुळे शॉटगन कॅमेऱ्यावर बसवून दूर उभे राहण्यापेक्षा तो काठीच्या, म्हणजे बूमच्या टोकाला लावून चित्राच्या चौकटीच्या अगदी वरच्या कडेपर्यंत खाली आणणे श्रेयस्कर ठरते. बूम धरणारा माणूस हा त्यासाठीचा खर्च आहे आणि छोट्या चित्रीकरणात पहिली काटछाट त्याच्यावरच होते, जी बहुतेक वेळा चुकीची असते.

बिनतारी कॉलर माईकनी मात्र परिस्थिती पालटली. २०१९ साली आलेल्या ऑस्ट्रेलियातील रोड कंपनीच्या वायरलेस गो या काडेपेटीएवढ्या संचानंतर तशा संचांची रीघ लागली. हे संच २.४ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतात, म्हणजे ज्या पट्ट्यात वाय-फाय आणि ब्लूटूथही गर्दी करून असतात. शिवाय मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते, त्यामुळे वक्त्याने पाठ फिरवली की प्रेषक आणि कॅमेरा यांच्यामध्ये त्याचेच शरीर येते आणि आवाज तुटतो. मिरवणुकीत, जेथे हजारो मोबाईल एकाच जागी असतात, तेथे तर या संचांवर विसंबून राहूच नये. प्रेषकातच आवाज साठवण्याची सोय असेल तर ती चालू करून ठेवणे हा शहाणपणा आहे. ढोल-ताशा पथकाजवळ आणखी एक धोका असतो: एवढ्या दाबाखाली माईक किंवा त्याचा वर्धक स्वतःच कोलमडतो, आणि मग कॅमेऱ्यातील पातळी कितीही खाली आणली तरी फुटलेला आवाजच लहान होऊन मिळतो. तेथे मागे सरकणे हाच उपाय उरतो.

ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही त्याच्यापाशीही बहुधा दुसरा मोबाईल असतो. तो विमान-स्थितीत टाकून, ध्वनिमुद्रण सुरू करून, बोलणाऱ्याच्या पुढ्यात ठेवला आणि कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली, की वेगळा रेकॉर्डर आणि क्लॅप दोन्ही तयार होतात.

वारा, फरशी आणि गोधडी

उघड्या माळावर किंवा कोकणातल्या सड्यावर माईकचा शत्रू वारा असतो. वाऱ्याचा जो गडगडाट मुद्रित होतो तो आसमंतात नसतोच. माईकच्या जाळीवर हवेचे भोवरे फुटतात आणि पडद्याला थेट ढकलतात. फोमची टोपी श्वासाचा फटकारा आणि मंद झुळूक अडवते, वाऱ्यासाठी मात्र लांब केसांचे आवरण लागते, कारण केसांमध्ये हवेचा वेग टप्प्याटप्प्याने मरतो आणि ध्वनी पार जातो.

खोलीत शत्रू शहाबादी फरशी, सिमेंटची भिंत आणि पत्र्याचे छत असतो. स्टुडिओतील महाग फलकांचे काम आपल्या घरातील गोधड्या बऱ्यापैकी करतात. बोलणाऱ्याच्या पायाशी सतरंजी, समोर चौकटीबाहेर दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या, बंद केलेला पंखा आणि काही वेळापुरता बंद ठेवलेला फ्रिज एवढ्याने माजघराचा आवाज ओळखू येणार नाही इतका सुधारतो. मुलाखत संपल्यावर अर्धा मिनिट सर्वांनी गप्प बसून नुसत्या खोलीचा आवाज मुद्रित करण्याची पद्धतही आवर्जून पाळावी, कारण संपादनात वाक्य कापले की त्या फटीत भरायला तीच शांतता लागते. निव्वळ रिकामी फट कानाला खड्ड्यासारखी लागते.

काढून टाकलेला आवाज

लग्नाच्या व्हिडिओत मूळ आवाज काढून त्यावर चित्रपटगीत घालण्याची रीत आता इतकी पक्की झाली आहे, की मंगलाष्टके म्हणणाऱ्या आत्याचा स्वर, घास भरवताना घेतलेला उखाणा आणि त्यावरचे हसू यांचे चित्र तेवढे उरते. याचे एक कारण आवड हे असेल. पण मूळ आवाज ऐकवण्याजोगा मुद्रितच झालेला नसतो, हे दुसरे कारण जास्त खरे आहे.

यावर यंत्रानेच आवाज स्वच्छ करण्याची सोय आली आहे आणि भाषणासाठी ती उपयोगी आहे. मात्र ही साधने मानवी बोलणे राखून बाकी सर्व गोंगाट समजण्यासाठी घडवलेली आहेत, त्यामुळे तंबोऱ्याचा अखंड स्वर, टाळांचा झंकार किंवा जात्याची घरघर त्यांना काढून टाकण्याजोगी वाटते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्यातून चालवलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा झाल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणात साथ दिली, आणि आज तो ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या जनसंग्रहावर कोणालाही ऐकता येतो. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते. घरघर वजा केली तर शब्द राहतात, ओवी राहत नाही. कोणता आवाज हवा आणि कोणता नको हे ठरवण्याचे काम मुद्रणाच्या वेळी, माईक कोठे ठेवायचा हे ठरवतानाच करावे लागते, आणि ते माणसानेच करायचे असते.

या दिवाळीत घरी जमलेल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे, गाणे किंवा उखाणे मुद्रित करण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी नवा कॅमेरा घेण्याआधी एक साधा कॉलर माईक आणि कानाला घट्ट बसणारा हेडफोन घ्यावा. पंखा बंद करावा, माईक लावून अर्धा मिनिट हेडफोनवर ऐकावे, खसखस असेल तर माईक पुन्हा लावावा, आणि पहिल्या प्रश्नाआधी बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख मोठ्याने सांगून मुद्रणातच नोंदवावी.